अर्ली ॲक्सेस आणि लोकांच्या अपेक्षा: साताऱ्यातल्या आमच्या किल्ल्याच्या गेमबद्दल सल्ला हवाय

तटसरनौबत

मंडळी, साताऱ्यात आम्ही तिघं मिळून एक पीसी गेम करतोय. दिवाळीनंतर तो स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विकायला, आणायचा विचार आहे. काम नीट चाललंय, काळजी वेगळीच आहे. लोकांच्या डोक्यात जो गेम तयार झालाय आणि आम्ही जो केलाय, त्यात बरंच अंतर पडलंय आणि ते रोज वाढतंय.

आधी गेम काय आहे ते सांगतो. तुम्ही एका डोंगरी किल्ल्याचे हवालदार, म्हणजे गडाचे मुख्य अधिकारी. काळ राजाराम महाराजांचा. औरंगजेब दख्खनेत उतरलाय, वेढा कधीतरी पडणार हे गडावर सगळ्यांना ठाऊक आहे, पण आज पडलेला नाही. पावसाळ्याआधी अंबरखाना (धान्याचं कोठार) भरायचा, टाक्यांतला गाळ काढायचा, चुन्याची घाणी चालू ठेवायची, तटाची डागडुजी करायची, सबनीस आणि कारखानीस यांच्याकडून हिशेब घ्यायचा. बुरुजाच्या सांध्यात पिंपळाचं रोप उगवतं. दोनच पानं असतात, जवळ जाऊन बघितल्याशिवाय दिसत नाहीत. तेव्हाच उपटलं तर एका माणसाचं थोडंसं काम. दुर्लक्ष केलं तर पहिल्या पावसाळ्यात काहीच होत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मुळं दगड सरकवतात, तिसऱ्यात बुरुजाचा कोपरा दरीत जातो. आमचा सगळा गेम असा आहे. सावकाश चालणारा, लक्ष मागणारा.

अर्ली ॲक्सेसमध्ये एक किल्ला आणि तीन वर्षांचे ऋतू असतील. वेढा नसेल. लढाई तर अजिबातच नाही. वेढा हा पूर्ण गेमचा शेवट आहे आणि तो नीट जमल्याशिवाय द्यायचा नाही असं आमचं ठरलंय.

आता अडचण. गावातल्या एका बातमी चॅनलने आमच्यावर व्हिडिओ केला. प्रेमानं केला, त्याबद्दल तक्रार नाही. पण मथळा दिला 'साताऱ्याच्या पोरांनी आणला युद्धाचा थरार'. पाठीमागे तलवारींचा खणखणाट आणि भलत्याच कुठल्यातरी गेममधलं घोडदळ. आमच्या ट्रेलरपेक्षा तो व्हिडिओ कितीतरी जास्त लोकांनी बघितला. पोवई नाक्यावर, राजवाड्यावर ओळखीचं कुणी भेटलं की पहिला प्रश्न, "तोफा कधी?" विशलिस्ट, म्हणजे पुढं घ्यायचा म्हणून स्टीमवर खूण करून ठेवणाऱ्यांची यादी, वाढतेय, पण त्यातल्या किती जणांना टाकं साफ करायचंय?

लोकांचा उत्साह न मोडता त्यांना खरं चित्र कसं दाखवायचं? ज्यांनी गेम विकलाय त्यांनी सांगावं, ज्यांनी विकत घेऊन पस्तावलेत त्यांनी तर नक्कीच सांगावं.

कासपठार

मोबाईलवर येणार का? प्ले स्टोअरवर शोधला, सापडला नाही.

तटसरनौबत

@कासपठार, नाही. फक्त पीसी, विंडोज. मोबाईलवर आणायचं काही ठरलेलं नाही.

पिक्सेलवाली

तट दादा, वरचा प्रश्नच तुमची पहिली ओळ आहे. मी सांगलीची, काही वर्षं गेम स्टुडिओत काम केलंय. आपल्याकडे 'गेम' म्हटलं की नव्वद टक्के माणसं फोन काढतात. 'फक्त विंडोज पीसी' हे सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, प्रत्येक पोस्टवर लिहा.

आता मुख्य मुद्दा. स्टीम तुम्हाला अर्ली ॲक्सेससाठी काही ठरावीक प्रश्न विचारतं आणि उत्तरं पानावर छापतं: अर्ली ॲक्सेस कशासाठी, साधारण किती काळ चालेल, पूर्ण गेम किती वेगळा असेल, आत्ताची अवस्था काय, किंमत बदलणार का, खेळाडूंना कसं सामील करून घेणार. प्रश्न उत्तम आहेत आणि तुम्ही प्रामाणिकच लिहाल. पण ती चौकट वाचणारा माणूस आणि चॅनलचा व्हिडिओ बघून आलेला माणूस एकच नाहीत. तुमचं पान इंग्रजीत आहे, चर्चा मराठीत रील्सवर चाललीय. अपेक्षा जिथं जन्माला येते तिथंच ती दुरुस्त करायला हवी. स्टोअर पेजवर पोचेपर्यंत माणसानं मनात गेम खेळून संपवलेला असतो.

मॅनॉर लॉर्ड्सचं बघा. एप्रिल २०२४ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आला, मुख्यतः एका माणसाचं काम. ट्रेलरमधल्या लढाया बघून लोकांनी त्याची तुलना टोटल वॉर या मोठ्या लढायांच्या गेमशी सुरू केली होती. विक्रीच्या आधी त्या माणसानं स्वतः लिहून जाहीर केलं की हा गाव वसवायचा गेम आहे, लढाया आहेत पण तो टोटल वॉरचा स्पर्धक नाही. म्हणजे गेम काय *नाही* ते आधी सांगितलं. विक्री तरीही प्रचंड झाली. तुम्हाला नेमकं हेच करायचंय.

रात्रपाळी

मी एमआयडीसीत कामाला, रात्रपाळी नसते तेव्हा रात्री खेळतो. घेणाऱ्याच्या बाजूनं बोलतो.

मी अर्ली ॲक्सेसमधला एक गेम घेतला होता. नाव घेत नाही. घेतला तेव्हा पानावर रोडमॅपचं, म्हणजे पुढं काय काय येणार त्याचं, देखणं चित्र होतं, चार रंगांचे चार चौकोन, प्रत्येकात एक मोठं वचन. पहिला चौकोन आला, तोही अर्धा. मग अपडेट थांबले, मग बोलणं थांबलं. चर्चेत लोक विचारतायत, उत्तर नाही. पैशाचं एवढं वाटलं नाही, पण कुणी 'आम्हाला जमत नाहीये' एवढं तरी म्हणायला हवं होतं. त्यानंतर मी रोडमॅप बघून गेम घेत नाही, मागच्या अपडेटची तारीख बघून घेतो. फेब्रुवारी २०२५ पासून तर स्टीमच सांगतं, अर्ली ॲक्सेसमधला गेम वर्षाहून जास्त काळ अपडेट झाला नसेल तर पानावर तशी सूचना येते.

खानावळीच्या दारावर 'आज भाकरी नाही' अशी पाटी असली तर कुणी रागावत नाही, चपाती खातो किंवा पुढं जातो. ताट वाढल्यावर सांगितलं की भांडण होतं. तुमची पाटी 'लढाई नाही' ही आहे. दारावर लावा.

विकायचं_कसं

थोडं वेगळं मत मांडतो. 'हे नाही, ते नाही' एवढंच सांगत बसलात तर घेणार कोण? लोक स्वप्न विकत घेतात. साताऱ्याच्या मातीतला गेम, गडकोट, स्वराज्य, ही तुमची ताकद आहे. व्हिडिओ फुकट व्हायरल झालाय, तो लाभ सोडू नका. तोफा पुढच्या अपडेटला येतील म्हणा, विकलेल्या पैशातून करा.

पिक्सेलवाली

@विकायचं_कसं, नाही हो. स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीच्या अर्ली ॲक्सेसच्या सूचनांत दोन गोष्टी अगदी स्पष्ट आहेत. भविष्यातल्या गोष्टींची ठोस वचनं देऊ नका, आणि विक्री कमी झाली किंवा झालीच नाही तरी गेम पुरा करू शकत असाल तरच या. 'विकलेल्या पैशातून करू' म्हणणं म्हणजे खेळाडूच्या खिशावर स्वतःची जोखीम टाकणं.

कर्बल स्पेस प्रोग्रॅम २ डोळ्यासमोर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आला, किंमत जवळजवळ ५० डॉलर. पहिल्या भागावर लोकांचं जिवापाड प्रेम होतं, त्या प्रेमाच्या भरवशावर घेतला. आला तेव्हा चांगल्या संगणकांवरही अडखळत होता, पहिल्या भागातल्या काही गोष्टीसुद्धा नव्हत्या. दुसऱ्या ग्रहांवरच्या वसाहती, इतर ताऱ्यांपर्यंतचा प्रवास, मल्टिप्लेअर, सगळं रोडमॅपवर. २०२४ मध्ये स्टुडिओच बंद झाला आणि ते सगळं रोडमॅपवरच राहिलं. पाठीशी मोठा प्रकाशक होता तरी ही गत.

आणि द डे बिफोर. डिसेंबर २०२३ मध्ये आला, चार दिवसांत स्टुडिओनं बंद होत असल्याचं जाहीर केलं. ट्रेलरमध्ये एक आणि हातात दुसरंच.

विकायचं_कसं

मग नो मॅन्स स्कायचं काय? २०१६ मध्ये आला तेव्हा एवढा गदारोळ झाला, आज लोक त्याचं कौतुक करतात.

रात्रपाळी

कौतुक करतात, कारण त्यांनी वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले. पहिल्याच दिवशी तो अफाट विकला गेला होता, म्हणून त्यांना तेवढी वर्षं काढता आली. साताऱ्यातल्या तिघांच्या हातात तेवढं भांडवल कुठून येणार? ती वाट आपली नव्हे.

मोडी_वाचक

वाईहून लिहितोय. इतिहासाचा विद्यार्थी आहे, गेममधलं फार कळत नाही, पण तुमच्या विषयातली एक अपेक्षा कुणी बोललेलं नाही.

साताऱ्यातला प्रत्येक माणूस तुमच्या गेममध्ये अजिंक्यतारा शोधणार. मंगळाई देवीचं मंदिर कुठंय, सात तळी कुठंयत, हे बघणार. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबानं साताऱ्याला वेढा घातला, किल्लेदार प्रयागजी प्रभू. एप्रिल १७०० मध्ये किल्ला पडला, औरंगजेबानं नाव ठेवलं आझमतारा. सुरुंगाचा तो प्रसंग, तट बाहेरच्या बाजूला मोगलांच्याच फौजेवर कोसळला, हा तर इथल्या शाळकरी पोरांच्या तोंडी असतो. वेढ्याचा गेम म्हटला की लोकांना तेच दिसणार. तुमचा किल्ला अजिंक्यतारा आहे की काल्पनिक? काल्पनिक असेल तर तसं आधीच सांगा. नाहीतर 'अमुक दरवाजा चुकीच्या दिशेला दाखवला' यावर तुम्ही उत्तरं देत बसाल आणि गेम बाजूला राहील.

आणखी एक, मनापासून सांगतो. शिवाजी महाराजांचं चित्र जाहिरातीत टाकू नका. ते तुमच्या गेममध्ये नाहीत, तुमचा काळही त्यांच्यानंतरचा आहे. ते चित्र बघून माणूस जी श्रद्धा घेऊन येतो, ती धान्याच्या हिशेबाच्या गेमवर उतरवणं योग्य नाही.

तटसरनौबत

@मोडी_वाचक, सर, किल्ला काल्पनिकच आहे. अजिंक्यतारा, सज्जनगड, वासोटा या तिन्हींवरून थोडं थोडं घेतलंय, पण नकाशा आमचा. तेवढं अभ्यासाचं ओझं पेलल्याशिवाय खरा किल्ला करायचा नाही, असं पहिल्यापासून ठरलेलं. महाराजांचं चित्र आम्ही कुठंही वापरलेलं नाही, वापरणारही नाही. चॅनलच्या व्हिडिओच्या थंबनेलवर मात्र आहे. ते बदलायला सांगतो.

@पिक्सेलवाली ताई, पैशाचं सांगायचं तर आम्ही तिघंही बाहेरची कामं करतो, गेम त्यावरच चाललाय. एकही प्रत विकली गेली नाही तरी वेढा पूर्ण होईल, वेळ जास्त लागेल एवढंच. हे खेळाडूंना सांगावं का? उगाच सहानुभूती मागितल्यासारखं वाटतं.

पिक्सेलवाली

सांगा, एका ओळीत. 'गेम पुरा होणं विक्रीवर अवलंबून नाही.' यात सहानुभूती कुठं आली? उलट घेणाऱ्याला हवी असलेली सगळ्यात मोठी माहिती आहे ती.

कृष्णाकाठचा

तारखांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. वॅल्हाइम फेब्रुवारी २०२१ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आला, महिनाभरात पन्नास लाखांच्या आसपास प्रती गेल्या. त्यांनी २०२१ साठी चार मोठ्या अपडेटचा रोडमॅप लावला होता. एवढी गर्दी आल्यावर बग (गेममधल्या चुका) निस्तरण्यातच दिवस जायला लागले. पहिला मोठा अपडेट सप्टेंबरमध्ये आला आणि त्यांनी तो रोडमॅप काढून घेतला. त्यातला मिस्टलँड्स हा अपडेट यायला डिसेंबर २०२२ उजाडला. गेम उत्तम, माणसं प्रामाणिक, यशही मिळालेलं, तरी तारीख गळ्यात आली. यश मिळालं की काम वाढतं, हे रोडमॅप लिहिताना कुणी धरत नाही.

म्हणून क्रम सांगा, तारीख सांगू नका. आधी पावसाळ्याची दुरुस्ती, मग घेऱ्यातली (गडाच्या पायथ्याभोवतालची) गावं, मग वेढा. आज काय करताय ते सांगा. जे तयार होऊन तुमच्या तिघांच्या संगणकावर चालतंय, त्याचीच तारीख द्या.

तटसरनौबत

क्रम द्यायचा, हे पटलं. पण स्टीमच्या त्या प्रश्नात 'साधारण किती काळ' हे लिहावंच लागतं. काय लिहू?

कृष्णाकाठचा

तुमच्या मनात जो आकडा आहे त्यापेक्षा बराच मोठा लिहा. लवकर झालं तर कुणी भांडत नाही. हेडीस डिसेंबर २०१८ मध्ये आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये पुरा झाला, तोही मुरलेल्या टीमकडून. बाल्डर्स गेट ३ ऑक्टोबर २०२० ते ऑगस्ट २०२३, जवळजवळ तीन वर्षं, आणि त्या सगळ्या काळात फक्त पहिला अंक खेळायला होता. लोकांनी घेतला, कारण 'पहिला अंकच आहे' हे सुरुवातीपासून माहीत होतं.

बाल्डर्स गेटवाल्यांचीच आणखी एक गोष्ट उचला. मोठ्या पॅचनंतर (अपडेटनंतर) जुने सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेले खेळ, चालणार नाहीत, हे ते आधीच बजावून सांगायचे. तुमच्या गेममध्ये तर माणूस तीन वर्षांचे ऋतू सांभाळून किल्ला उभा करणार. तो सेव्ह एका अपडेटनं गेला तर जो राग येईल त्याला रिव्ह्यूत जागा पुरणार नाही. पहिल्याच मेनूमध्ये सूचना टाका. शिवाय स्टीमवर जुना बिल्ड, म्हणजे गेमची जुनी आवृत्ती, वेगळ्या बीटा शाखेवर ठेवता येतो. तो ठेवा, म्हणजे ज्याला आपला किल्ला पुरा करायचाय त्याला जुन्या बिल्डवर करता येईल.

कासपठार

सेव्हचं +१. दुसऱ्या एका गेममध्ये माझं अख्खं गाव गेलं होतं.

उरमोडीकर

मित्रांनो, मदत म्हणून एक सुचवतो. साताऱ्यातले आपण सगळे पहिल्या दिवशी घेऊ आणि चांगले रिव्ह्यू टाकू. आपल्या पोरांना पाठिंबा. सुरुवातीलाच शंभर चांगले रिव्ह्यू दिसले की बाहेरचे लोकही घेतील.

पिक्सेलवाली

दादा, भावना समजते, पण यानं तट दादांचं नुकसान होईल. न खेळता लिहिलेला 'आपल्या मातीतला गेम, जबरदस्त' असा रिव्ह्यू वाचून नाशिकचा कुणी लढाईच्या आशेनं घेईल, आणि तो जे लिहील ते खरं असेल. चॅनलच्या व्हिडिओनं झालं तेच आपण पुन्हा आपल्या हातानं करू. फुकट वाटलेल्या कीवरून (गेम मिळवायच्या कोडवरून) लिहिलेले रिव्ह्यू तर स्टीम एकूण गुणांकात धरतही नाही.

पाठिंबा द्यायचा तर डेमो खेळा आणि कुठं कंटाळा आला ते लिहा. तेवढ्यानं खरी मदत होते.

रात्रपाळी

रिफंडबद्दल. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. अर्ली ॲक्सेसलाही तेच. तट दादा, तुमच्या गेममध्ये पहिला पावसाळा कधी येतो?

तटसरनौबत

आरामात खेळलं तर दोन तास उलटून गेल्यावर. पहिला उन्हाळा शिकण्यातच जातो.

रात्रपाळी

मग तो आधी आणा. पहिल्या तासाभरात एक छोटा पावसाळा येऊ दे, टाकं भरू दे, एखादा तट गळू दे, धान्य थोडं भिजू दे. गेमचा पूर्ण स्वभाव त्या दोन तासांत दिसला पाहिजे. ज्याला आवडणार नाही तो पैसे परत घेईल आणि शिव्या न देता जाईल. ज्याला आवडला तो थांबेल. रिफंड टळावेत म्हणून चांगलं-वाईट सगळं दोन तासांच्या पलीकडं लपवणारे लोक आहेत, त्यांचे रिव्ह्यू जाऊन वाचा.

तटसरनौबत

हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सुरुवात फाल्गुनाऐवजी वैशाखाच्या शेवटी ठेवली तर पाऊस लगेच येतो. शिकवणीचा भाग त्यात बसवावा लागेल, पण जमेल.

माहीत असलेल्या बगची यादी किती उघडपणे द्यावी? एक ठसठशीत बग आहे. पखाल लादलेला रेडा गडाच्या पायऱ्यांवर वळणाला अडकतो, त्याच्यामागे सगळी रांग थांबते, गडावरचं पाणी बंद. दर वेळी होत नाही, पण होतं तेव्हा खेळणाऱ्याला वाटतं की आपलंच पाण्याचं नियोजन चुकलं.

पिक्सेलवाली

यादी उघड द्या, आणि असले बग सगळ्यात वर. खेळाडूला स्वतःची चूक वाटायला लावणारा बग क्रॅशपेक्षा वाईट. क्रॅश झाला तर त्याला कळतं की गेम बिघडलाय. इथं तो टाकी वाढवेल, माणसं वाढवेल, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दुरुस्त होईपर्यंत रेडा अडकला की डोक्यावर खूण दाखवा आणि एका क्लिकवर मोकळा करता येईल असं करा.

मोडी_वाचक

एक साधी विनंती. बदलांच्या नोंदी मराठीतही लिहा. चार ओळी असल्या तरी चालतील.

तटसरनौबत

लिहू सर.

तुमच्या सगळ्यांच्या सूचनांवरून मसुदा केलाय. डेमोचा पहिला पडदा, सगळ्या पोस्ट आणि त्या चॅनलचा पुढचा व्हिडिओ, सगळीकडे हाच मजकूर जाईल:

'हा गेम फक्त विंडोज पीसीवर आहे, मोबाईलवर नाही. यात आत्ता लढाई नाही, तोफा चालत नाहीत, वेढा पडत नाही. किल्ला काल्पनिक आहे. तुम्ही गडाचे हवालदार आहात; पाणी, धान्य, चुना आणि तट सांभाळणं हे तुमचं काम. तीन वर्षांचे ऋतू खेळता येतात. बग आहेत, त्यांची यादी शेजारी दिलीय. मोठ्या अपडेटनंतर जुना सेव्ह चालेलच असं नाही, जुना बिल्ड मात्र उपलब्ध राहील. पुढचा क्रम: पावसाळ्यातली दुरुस्ती, घेऱ्यातली गावं, शेवटी वेढा. तारखा देत नाही. गेम पुरा होणं विक्रीवर अवलंबून नाही. लढाईसाठी येत असाल तर पूर्ण गेम येईपर्यंत थांबा.'

विकायचं_कसं

शेवटचं वाक्य वाचून आधी दचकलो. पण पूर्ण मजकूर वाचल्यावर मला स्वतःलाच घ्यावासा वाटला. एकच सुचवतो, 'तुम्ही गडाचे हवालदार आहात' हे सगळ्यात वर घ्या. काय नाही ते त्याच्या लगेच खाली. माणसाला आधी कळू दे की तो कोण आहे.

पिक्सेलवाली

हे बरोबर आहे. फक्त 'मोबाईलवर नाही' सुद्धा वरच राहू दे. किंमतही लिहा, आणि पूर्ण गेम आल्यावर ती वाढणार असेल तर तसं आताच सांगा.

तटसरनौबत

दोन्ही बदल केले. किंमत पुढं वाढणार आहे, तेही घातलं. चॅनलवाल्यांशी बोललो. थंबनेल बदलतायत, आणि डेमो आला की खऱ्या गेममधली दृश्यं घेऊन नवा व्हिडिओ करायला तयार आहेत. घोडदळ कुठून आलं होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

डेमो आधी इथल्या लोकांना देतो. जुना लॅपटॉप कुणाकडे आहे? किमान किती रॅम लागेल हे अंदाजानं लिहायचं नाहीये.

रात्रपाळी

माझ्याकडे आहे. आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. बिल्ड पाठवा, या रविवारी पावसाळ्यापर्यंत खेळून कुठं अडखळतो ते लिहितो.